काटाच तं भरला, भाऊ!

फेब्रुवारीचा शेवट म्हणजे आमच्याकडे पऱ्हाटी उपटायचे दिवस. दुपारी दोनच्या सुमारास दुकानात चिटपाखरू नसतं. अशा वेळी एक ओळखीचे गृहस्थ लंगडत आले. वय ४५ च्या घरात. चार वर्षांपूर्वी त्यांना आईची किडनी बसवली. महिन्याच्या गोळ्या मी नागपूरहून मागवून ठेवतो, त्यामुळे घरचं सगळं ठाऊक. काउंटरवर कोपर टेकवून म्हणाले, "भाऊ, डायक्लोचं एक पाकीट द्या बरं. पाय लय ठणकून राह्यला."

"काय झालं?"

"परवा काटा भरला धुऱ्यावर. काटाच तं हाय, बाभळीचा. काढला म्या, हिच्या बांगडीतल्या पिनीनं."

"ताप आला काय?"

"ताप असता तं डॉक्टरकडं नसतो गेलो काय?"

मी गोळ्या दिल्या नाहीत. बाहेर येऊन त्यांना स्टुलावर बसवलं आणि पायजमा वर करायला लावला. तळव्याच्या कडेला मोहरीएवढा काळा ठिपका, भोवती रुपयाएवढी लाली. तेवढंच पाहिलं असतं तर कोणीही म्हणालं असतं, हळद लावा, बसून जाईल. पण घोट्यापासून पोटरीपर्यंत कातडं ताणलेलं, चकाकणारं. लालीपासून वीतभर वर, जिथं कातडीचा रंग अगदी नेहमीसारखा होता, तिथं मी बोट ठेवलं मात्र, हा माणूस ओरडलाच. दोन वर्षं डायलिसिसच्या सुया हूं की चूं न करता टोचून घेतलेला माणूस.

तालुक्याच्या गावी मेडिकल चालवून मला २२ वर्षं झाली. मी डॉक्टर नाही. पण आमच्या भागातली किडनी बदललेली पाच-सहा माणसं माझ्याकडून औषधं नेतात, आणि "ताप असता तर गेलो असतो" हे वाक्य मी त्यांच्यातल्या जवळपास सगळ्यांकडून ऐकलंय. तुमच्या-माझ्यासाठी तो हिशेब बरोबर आहे. त्यांच्यासाठी तो चुकतो, आणि चुकला की कधी पाय जातो, कधी जीव.

जागल्याला गुंगी

रानडुकरांच्या भीतीनं आपण वावरात जागलीला माणूस ठेवतो. खुट्ट झालं की तो उठतो, टॉर्च मारतो, डबा बडवतो, गाव जागं करतो. शरीराची प्रतिकारशक्ती म्हणजे हाच जागल्या. काटा लागला, त्याबरोबर जंतू आत गेला की जी लाली येते, सूज येते, पू होतो, ताप चढतो, तो बराचसा जागल्याचा गलका असतो. आपण त्या गलक्यालाच आजार समजतो. खरं तर डुक्कर आल्याची ती वर्दी असते.

आता शरीरात दुसऱ्याची किडनी आली. सख्ख्या आईची का असेना, जागल्याला ती परकीच. तो काठी घेऊन तिच्यावरच धावतो. १९५४ मध्ये बॉस्टनला जोसेफ मरे यांनी जी पहिली यशस्वी किडनी बसवली, ती एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावाची होती. दोघांचा साचा एकच, म्हणून जागल्याला फरक कळलाच नाही. पण प्रत्येकाला असा जुळा भाऊ कुठून आणायचा? भारतात १९७१ मध्ये वेल्लोरला पहिलं यश आलं, तोवर गोळ्यांचा आधार मिळालेला होता. आज बहुतेकांच्या फाइलवर तीन नावं दिसतात: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन नावाचं स्टेरॉइड. तिघांचं काम मिळून एकच, जागल्याला गुंगीत ठेवणं. तो पुरता झोपला तर डुकरं वावर खातील, पुरता जागा राहिला तर किडनी खाईल. म्हणून टॅक्रोलिमस घड्याळ लावून १२-१२ तासांनी घ्यायचं, आणि सकाळची गोळी घेण्याआधी रक्त देऊन त्याची पातळी तपासायची.

या टॅक्रोलिमसची जन्मकथा मला फार आवडते. १९८४ मध्ये जपानात, त्सुकुबाच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून ते मिळालं. त्याआधी ज्या सायक्लोस्पोरिनवर सगळी भिस्त होती, ते नॉर्वेच्या पठारावरच्या मातीतल्या बुरशीचं. म्हणजे माणसाला परक्या किडनीसह जगवणारं औषध मातीनंच दिलं. आणि ते घेणाऱ्याला सगळ्यात जास्त जपावं लागतं ते मातीलाच.

या गोळ्या गलका कसा दाबतात तेही बघा. स्टेरॉइड ताप, लाली आणि सूज तिन्ही दाबतं, वर कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ करतं. मायकोफेनोलेटमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी मुळातच कमी, त्यामुळे "रिपोर्ट नॉर्मल आहे" या वाक्याचा भरवसा उरत नाही. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड मिळून साखर वाढवतात. किडनी बसवल्यानंतर मधुमेह झालेले बरेच असतात, आणि मधुमेहानं पाय बधिर झाला की काटा भरल्याचंही कळत नाही. गोठा पेटलाय पण धूर नाही, अशी ही गत. यकृत किंवा हृदय बदललेल्यांचंही हेच, औषधं साधारण तीच असतात.

संत्र्याची साल

आत नेमकं काय सडतं? कातडीच्या खाली आणि हाडाच्या वर जे काही मऊ आहे, चरबी, पापुद्रे, स्नायू, त्यांच्या संसर्गाबद्दल आपण बोलतोय. वरूड-मोर्शीच्या माणसाला हे समजवायला चित्र काढायची गरज नाही. संत्रं हातात घ्या. वरची साल म्हणजे कातडी. सालीच्या आतला पांढरा मऊ भाग म्हणजे चरबी. फोडीवरचा पातळ पापुद्रा म्हणजे फॅशिया, स्नायूंवरचं आवरण. आतला रसाळ गर म्हणजे स्नायू.

संसर्ग साल आणि पांढऱ्या भागापुरता असला तर त्याला सेल्युलायटिस म्हणतात. तो त्रासदायक, पण वेळेत धरला तर बहुधा औषधानं हटतो. जंतू पापुद्र्यापर्यंत पोचला की गोष्ट बदलते. या पापुद्र्याला रक्तपुरवठा मुळात तुटपुंजा, त्यामुळे तिथं ना जागल्या लवकर पोचतो ना औषध. जंतूला मात्र आडवं पसरायला मोकळा रस्ता मिळतो. पापुद्रा सडत पुढं जातो, जाताना वर कातडीकडं जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या गोठवतो, आणि कातडी सगळ्यात शेवटी काळी पडते. याला नेक्रोटायझिंग फॅसायटिस म्हणतात. ज्यांची प्रतिकारशक्ती धडधाकट आहे, त्यांनाही तो होतो आणि मारतो. बागायतदाराला माहीतच आहे, सालीवर चवलीएवढा डाग असतो आणि सोलून पाहावं तर अर्ध्या फोडी गेलेल्या असतात.

याची सगळ्यात खात्रीची परीक्षाही संत्र्यावरूनच कळते. निरोगी शरीरात पापुद्रा मोसंबीच्या सालीसारखा घट्ट चिकटलेला असतो, सोडवायला चाकू लागतो. संशय आला की सर्जन तिथं छोटा छेद देऊन बोट आत घालतात. पिकल्या नागपुरी संत्र्याच्या सालीखाली बोट जावं तसं ते सरसर गेलं, आणि रक्ताऐवजी खरकटी भांडी विसळल्यासारखं गढूळ पाणी आलं, की निदान झालं. सीटी किंवा एमआरआय मदतीला असतात, पण त्यांच्या नंबरासाठी ऑपरेशन थांबवायचं नसतं. रक्ताच्या पाच-सहा तपासण्यांवरून गुण देऊन धोका ठरवायचीही एक पद्धत आहे. पण जिथं गोळ्यांनी रक्ताचे आकडेच दाबलेत, तिथं कमी गुण आले म्हणून निश्चिंत होणं धोक्याचं.

कोण कोण टपलेलं असतं

साध्या माणसाच्या पायात सहसा दोन नेहमीचे पाहुणे सापडतात, स्ट्रेप्टोकोकस आणि स्टॅफिलोकोकस. किडनी बदललेल्याच्या पायात तेही असतात, शिवाय ज्यांना निरोगी शरीर हुसकावून लावतं, असे कित्येक. आतड्यात राहणारे ई. कोलाय आणि क्लेब्सिएला. ओलाव्यात वाढणारा स्यूडोमोनास. तळ्या-नद्यांच्या गोड्या पाण्यातला एरोमोनास. हा शेवटचा पूर्व विदर्भासाठी महत्त्वाचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडं मालगुजारी तलाव आहेत, धानाची रोवणी गुडघाभर चिखलात होते, आणि जळवा लागतात. जळूच्या आतड्यात एरोमोनास कायम मुक्कामाला असतो. पायाला चीर असताना बांधीत उतरणं किडनी बदललेल्या माणसानं टाळावं ते यासाठी.

मग बुरशा. २०२१ च्या मे महिन्यात 'काळी बुरशी'नं काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल. ॲम्फोटेरिसिनच्या एका कुपीसाठी लोक दुकानोदुकानी फिरत होते, तेव्हा वर्ध्यात त्याचं उत्पादन सुरू झालं आणि आम्हा औषधवाल्यांचा जीव भांड्यात पडला. तेव्हा ती नाक, डोळा, जबड्याला लागत होती. पण म्युकरच्या त्याच कुळातल्या बुरशा मातीत आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्यात असतात, आणि जखमेवाटे कातडीखालीही शिरतात. आपल्या देशात अपोफायसोमायसिस नावाची त्यांच्यातली एक जात अपघाताच्या, माती भरलेल्या जखमांत पुन्हा पुन्हा सापडली आहे. ही बुरशी रक्तवाहिनीतच घुसते आणि ती बंद करते, म्हणून जखमेच्या मध्यभागी कोळशासारखी खपली धरते.

खरं तर म्युकर स्वतः काळी नसतेच. काळं असतं ते मेलेलं मांस. ज्या बुरशा अंगानंच काळपट आहेत त्या वेगळ्या, आणि त्यांची चालही उलटी, अगदी गोगलगायीची. माझ्याकडं येणाऱ्या एका मावशींच्या नडगीवर बोराएवढी गाठ होती. दुखत नव्हती, लाल नव्हती. चरबीची गाठ म्हणून पाच महिने तशीच राहिली. आंघोळीच्या वेळी दगडानं घासताना फुटली आणि तपकिरी चिकट पाणी आलं, तेव्हा त्या घाबरल्या. नागपूरला गाठ काढून तपासली तर आत काळपट बुरशी, आणि तिच्या मधोमध तांदळाच्या कणीएवढं लाकडाचं कुसळ. तुराटीचं असावं. केव्हा भरलं ते त्यांना आठवतही नव्हतं. पूर्ण गाठ काढली, वर कित्येक महिने बुरशीची गोळी. गाठ दुखत नाही म्हणून साधी आहे, असं या लोकांच्या बाबतीत धरता येत नाही. नवी गाठ दिसली की ती कापून तपासलेली बरी.

अशाच हळू चालीचा नोकार्डिया, हाही मातीतला जिवाणू. कातडीखाली पुवाची गाठ करतो, पण तिथंच थांबला असेल असं नाही. बरेचदा तो फुफ्फुसात आधी आलेला असतो आणि मेंदूतही जातो. टीबीच्या घराण्यातले पण टीबी नसलेले काही जंतू पाण्यातून किंवा नीट न उकळलेल्या सुईतून येतात. आणि जिनिंगच्या गोदामात, जुन्या वाड्याच्या माळ्यावर कबुतरं असतात, त्यांच्या विष्ठेत क्रिप्टोकोकस नावाची बुरशी वाढते. ती श्वासातून आत जाते आणि किडनी बदललेल्या माणसाच्या पायावर चक्क सेल्युलायटिसचं सोंग घेऊन उतरते. आठ दिवस अँटिबायोटिक देऊनही लाली हटत नसेल तर डॉक्टरांना ही आठवावी लागते, आणि मेंदूपर्यंत गेलीय का ते पाहायला पाठीतलं पाणीही तपासावं लागतं.

पहिल्या महिन्यात धोका ऑपरेशनच्या जखमेचा आणि हॉस्पिटलच्या जंतूंचा. पुढचे सहा महिने गुंगी सगळ्यात जड, तेव्हा सगळे जपतात. घरचे मास्क लावतात, पाहुण्यांना दारातून परत पाठवतात. माझ्या पाहण्यात काटा भरतो तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी, जेव्हा क्रिएटिनिन (रक्तातला आकडा, तो चढला की किडनी थकली समजायचं) छान असतं, कर्ज फिटत आलेलं असतं, आणि माणूस पुन्हा वखर धरतो.

काय पाहायचं

एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही: जखम दिसते केवढी आणि दुखते केवढी, याचा मेळ बसतो का? दिसायला रुपयाएवढी आणि दुखणं पोटरीभर, तर आत पापुद्रा पेटलाय असं समजायचं. लालीच्या बाहेर, साध्या दिसणाऱ्या कातडीवर दाबल्यावर कळ येते का, हेही तपासायचं. सूज दगडासारखी टणक लागते. पुढं कातडी जांभळी-करडी पडते, काळपट रक्ताचे फोड येतात, दाबल्यावर कधी आत पापड मोडल्यासारखी बारीक करकर होते. यातलं काही दिसेपर्यंत थांबलो तर उशीर झालेला असतो. आणि एक फसवी पायरी मध्येच येते: दुखणं अचानक कमी होतं. घरचे म्हणतात, उतार पडला. प्रत्यक्षात तिथली नसच मेलेली असते.

घरी एक गोष्ट जरूर करावी. लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारायची आणि बाजूला वेळ लिहायची. दोन-तीन तासांनी लाली रेघ ओलांडून गेली असेल तर वाद संपला, निघायचं. दोन तासांनी पाहायचं ठरवून तिथंच झोपू मात्र नये. आणि दुखणं अवाढव्य असेल, अंग गळून गेलं असेल, लघवी कमी झाली असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर रेघ-बिघ काही नको. १०८ ला फोन करायचा.

माझ्या काउंटरवरचे गुन्हे

आता माझ्या धंद्याविषयी थोडं. हे सांगायला मला जड जातं, कारण यातली एक चूक मी स्वतः केली आहे.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळ्या किंवा 'कंबरेत एक सुई' किडनी बदललेल्या माणसाला दुहेरी मारतात. नव्या किडनीचं रक्त कमी करतात, आणि उरलासुरला ताप-ठणकाही झाकतात. जागल्या आधीच गुंगीत, त्याच्या तोंडावर आपण वरून उशी ठेवतो. दुकान नवं होतं तेव्हा फाइल न विचारता मी अशी गोळी एकाला दिली होती. त्यांचा पाय वाचला, पण क्रिएटिनिन चढलं ते पूर्ण उतरलं नाही. तेव्हापासून दुखण्याची गोळी मागणाऱ्याला मी आधी विचारतो, किडनीचा, शुगरचा काही त्रास आहे काय. लोक वैतागतात. वैतागोत.

दुसरा गुन्हा गजकर्णाचा. हल्ली घरटी एकाला गजकर्ण आहे. लोक फ्लुकोनाझोल नाहीतर इट्राकोनाझोल साबणासारखं मागतात. या गोळ्या टॅक्रोलिमसचं शरीरातलं विघटन रोखतात. मात्रा तीच, पण रक्तातली पातळी चढत जाते, हात थरथरतात, किडनीला इजा होते, आणि जागल्या गुंगीतून थेट बेशुद्धीत जातो. घशासाठी सर्रास दिलं जाणारं क्लॅरिथ्रोमायसिनही तेच करतं. टीबीचं रिफाम्पिसिन नेमकं उलटं: पातळी एवढी पाडतं की किडनी नाकारली जाऊ शकते. जेंटामायसिन आणि अमिकासिनची इंजेक्शनं स्वस्त आणि हाताशी असतात, पण ती किडनीवरच पडतात. यातलं एखादं औषध खरोखर लागतंही, तेव्हा पातळी तपासत, मात्रा बदलत द्यायचं असतं, आणि ते काम किडनीच्या डॉक्टरांचं. वर सांगितलेल्या मावशींना बुरशीची गोळी सुरू केली, त्याच दिवशी त्यांचं टॅक्रोलिमस कमी केलं होतं.

"इम्युनिटी वाढवा" म्हणून गुळवेलीचा काढा, अश्वगंधाची पूड देणारे शेजारी तर गल्लोगल्ली. ज्या जागल्याला झोपवण्यासाठी महिन्याला हजारो रुपये जातात, त्याला उठवायला निघालेले हे लोक. मनानं चांगले असतात, हीच पंचाईत.

आणि सगळ्यात मोठी चूक: जंतू झाला म्हणून घरच्या घरी सगळ्या गोळ्या बंद करणं. वर्षानुवर्षं घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबवलं की रक्तदाब कोसळतो. गंभीर आजारात उलट ते वाढवावंही लागतं. गोळ्या कमी करायच्या की नाही, कुठली आधी, हे फोनवर विचारून ठरतं. बहुधा मायकोफेनोलेट आधी थांबवतात.

जखमेवर चुना, तंबाखू, राख, शेण यांतलं काहीही लावू नये. साबण आणि वाहत्या पाण्यानं पाच मिनिटं धुवावं, बीटाडीन लावावं, स्वच्छ फडकं बांधावं, धनुर्वाताच्या सुईची तारीख पाहावी. बांगडीतल्या पिनीनं खोल कोरू नये. काटा वर दिसत असेल तर उकळलेल्या चिमट्यानं ओढावा, आत मोडला असेल तर तो डॉक्टरांचा.

नागपूरला नेल्यावर

त्या दिवशी आम्ही त्यांच्या फाइलवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडच्या डॉक्टरांनी तीनच प्रश्न विचारले आणि म्हणाले, "आत्ता निघा." त्यांचा पोरगा वावरातून येईपर्यंत मी सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि शेवटचे रिपोर्ट पिशवीत भरले. वेळेला अर्धं काम ही पिशवी करते. गाडीनं दोन-अडीच तास.

संध्याकाळी सात वाजता त्यांना ऑपरेशनला घेतलं. सडलेला पापुद्रा जिथवर सुटत गेला तिथवर, म्हणजे घोट्यापासून जवळपास गुडघ्यापर्यंत उघडून काढून टाकला. लोकांना वाटतं, एवढं कापायचं कशाला, भारी अँटिबायोटिक द्या ना. ठिबकची नळी चोक झाली तर तिच्यातून सोडलेलं खत झाडापर्यंत जातं का? मेलेल्या भागातल्या रक्तवाहिन्या गोठलेल्या असतात, सलाईनमधलं औषध तिथं पोचतच नाही. म्हणून कापणं हाच इलाज, औषध त्याच्या जोडीला. आणि ते एकदा करून भागत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून पाहतात, नवं काही सडलंय का. त्यांचं दोनदा झालं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा जखम लाल, जिवंत होती.

अशा वेळी एक बारीक गोष्ट नातेवाइकांनीही विचारावी. वरवरचा पू कापसाच्या काडीवर घेऊन भागत नाही. आतल्या मांसाचे तुकडे तपासायला पाठवले पाहिजेत, आणि दोन बाटल्यांत. एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी. दुसरा साध्या सलाईनमध्ये, जंतू आणि बुरशी वाढवून ओळखण्यासाठी. दोन्ही तुकडे फॉर्मॅलिनमध्ये गेले तर जंतू तिथंच मरतात, आणि मग कोणतं औषध चालेल हे कळायचा रस्ता बंद. लहान गावातून पाठवलेल्या नमुन्यांत ही गफलत अगदी सहज होते. यांच्या तुकड्यात क्लेब्सिएला निघाला, बुरशी नव्हती.

आयसीयूच्या दारात डॉक्टरांनी त्यांच्या आईला स्पष्ट सांगितलं: वेळ आली तर किडनीच्या सगळ्या गोळ्या थांबवू, किडनी गेली तर पुन्हा डायलिसिस, पण आधी माणूस. म्हातारी दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "किडनी माहीच होती, गेली तं गेली. पोरगा ठेवा." यकृत-हृदयवाल्यांना हा मागे वळायचा रस्ताही नसतो. सुदैवानं तिथवर गेलं नाही. मायकोफेनोलेट काही आठवडे बंद राहिलं. क्रिएटिनिन १.३ वरून २.१ वर गेलं आणि १.६ ला येऊन थांबलं. मांडीची कातडी काढून पोटरीवर लावली. घरी यायला पाच आठवडे लागले.

वावर सोडायचं काय?

हॉस्पिटलच्या कागदावर 'मातीशी संपर्क टाळावा' असं छापलेलं असतं. पाच एकर कोरडवाहू असलेल्या माणसानं याचा अर्थ काय लावायचा? मला असला सल्ला आळशी वाटतो. पाळता येणार नाही असं सांगितलं की माणूस पाळता येण्यासारखंही सोडून देतो.

पाळता येण्यासारखं बरंच आहे. पऱ्हाटी आणि तुरीचे खुंट उपटणं, उकिरड्यातून खत भरणं, गोठा काढणं, कुजलेल्या कुटाराचा ढीग हलवणं, ही कामं दुसऱ्याला द्यावीत. यांत काटा आणि बुरशीची धूळ दोन्ही असतात. देखरेख, फवारणीचा हिशेब, मोटार चालू-बंद करणं, बाजार ही आपल्याकडं घ्यावीत. वावरात जाताना चप्पल नको, गमबूट, आणि आत मोजे. हातात जाड मोजे. पूर्ण बाही. घरी आल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह, उजेडात पाहायचे. तळवा स्वतःला दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवायचा किंवा पोराला दाखवायचं. भेगांना रोज रात्री व्हॅसलीन. भेग म्हणजे उघडं फाटक. उन्हाळ्यात विहिरीत-तळ्यात पोहणं नको.

खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या पूर्णेच्या खोऱ्यात, खाऱ्या पाण्यामुळं किडनीचे आजार फार, अशी तक्रार जुनीच आहे. डायलिसिसवरच्यांची संख्या पाहता पुढं किडनी बदललेली माणसंही गावोगाव वाढतील, आणि ती शेतकरीच असतील. तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी, आशाताईंनी आणि आम्ही मेडिकलवाल्यांनी त्यांची नावं पाठ ठेवायला हरकत नाही.

ते गृहस्थ जूनमध्ये, मृग लागायच्या आदल्या आठवड्यात आले. आता लंगडत नव्हते. पायात काळे गमबूट, वर धोतर. "लोक हासतात भाऊ," म्हणाले, "म्हनतात पोलीस भरतीले चालला काय." टॅक्रोलिमसची पाकिटं मोजून घेतली, तारीख पाहिली, एक बीटाडीन मागितलं. मी पैसे परत देतोय तोवर यांनी न सांगता स्टूल ओढलं, उजवा गमबूट काढला, मोजा काढला आणि पाय वर ठेवला.

"घ्या, पाहून घ्या."